मयत अबरारचा फोन

हमीदा आपा,
सलाम. हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं तेच लिहितो.

दिंडोरीतलं दुरुस्तीचं दुकान रोज उघडतो, पण फोन उचलत नाही. अनोळखी नंबर वसुलीवाल्याचाच असणार. फवारणीचा ब्लोअर बंद पडला की द्राक्षवाले बागेतल्या मजुराच्या फोनवरून मला बोलवायचे. तेही फोन मी तसेच कापले, आणि गिऱ्हाइकं दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली.

काल चुकून एक उचलला. पूर्वी आईबहिणीवरून शिव्या देणारा तो वसुलीवाला नरमाईनं म्हणाला, "अबरार शेख वारले, असं त्यांच्या बहिणीनं सांगितलं. आपण कोण?"

कर्जाच्या फॉर्मवर तुझा नंबर मीच लिहिला होता, तुला न विचारता. सटाण्याला तुझ्या सासरी फोन करून त्यांनी काय काय ऐकवलं असेल, ते तू कधी बोलली नाहीस. थेट मला मारूनच मोकळी झालीस.

"मी त्यांचा भाऊ," मी म्हणालो.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. हप्ते थकल्यापासूनच्या आठ महिन्यांत माझ्यासाठी कुणी हळहळलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यानं मृत्यूचा दाखला मागितला. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चार दिवस द्या, साहेब."

पाचव्या दिवशी काय करायचं, ते विचारायला आज सकाळी तुला फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, तर बंद.

वसुलीवाल्यांचा फोन मी असाच कापतो, आपा.

तुझा,
अबरार