शहाऐंशी किलोमीटर, सरळ रेषेत

३ मार्च
लग्न ठरलं! मामांच्या घरी भेटलो, दोघांनीही होकार दिला. तिचं गाव इथून फक्त शहाऐंशी किलोमीटर. ऑफिसच्या नकाशावर स्वतः पट्टी ठेवून मोजलं. नकाशे काढण्यात अर्धं आयुष्य गेलं, मला कोण शिकवणार! तिच्या वडिलांना छातीठोकपणे सांगितलं, लग्न होईपर्यंत दर रविवारी येणार. ते म्हणाले, बघा बुवा, मध्ये डोंगर आहे. घाबरट माणूस.

९ मार्च, रविवार. सकाळी ६
निघालो. दुपारचं जेवण तिच्याकडे.

त्याच दिवशी, सकाळी ७
घरी परत. कंडक्टर म्हणतो, रस्त्याने तीनशे बारा. डोंगराला वळसा, नदीला वळसा, पुन्हा डोंगर. नकाशाने दगा दिला! नकाशा मीच काढलाय हे खरं, पण रस्ता थोडाच मी काढला? तिला फोन करून बरं नाही म्हणून सांगितलं. खोटं नाही. तीनशे बारा ऐकून पोटात गोळा आलाच होता.

१४ मार्च
आयडिया! विमान. दोन्ही गावांत धावपट्टी आहे. उगाच बसच्या नादी लागलो.

१५ मार्च
विमान आधी उलट्या दिशेला मोठ्या शहरात जातं. तिथे मुक्काम, मग दुसरं विमान. एकूण अकराशे किलोमीटर. मग हवाई अंतर मोजायचं कुणासाठी, कावळ्यांसाठी? सगळे मिळून फसवतात.

२३ मार्च, रविवार
पायलटने केसाने गळा कापला. (हा माझा मित्र. पिकअप चालवतो, पण उडवल्यासारखी, म्हणून पायलट.) तिच्या गावी माल टाकायला जाणार होता, पहाटे न्यायला येतो म्हणाला. आला, दोनदा हॉर्न वाजवला आणि गेला. वर येऊन दार वाजवायला काय हात मोडले होते? झोप लागते माणसाला. आणि परत आल्यावर मलाच सुनावतो, वहिनी फाटकापर्यंत आल्या होत्या, गाडीत वाकून बघत होत्या.

३० मार्च
तीच फोनवर म्हणाली, दर रविवारचं राहू दे, एकदा तरी या. किती समजूतदार! म्हणजे घाई नाही.

६ एप्रिल, रविवार
पक्का निश्चय. बॅग भरली, तिकीट काढलं. पण खिडकीतून पाहिलं तर घाटावर ढग. होणाऱ्या बायकोसाठी जिवंत राहणं हे माझं पहिलं कर्तव्य. तिला तसं कळवलं. "बरं" म्हणाली. आवाज कोरडा वाटला. नेटवर्क असणार.

२७ एप्रिल
पुढच्या रविवारी नक्की. बूट पॉलिश करून ठेवले.

१८ मे
मामांचा फोन. तिने लग्न मोडलं. मामा माझ्यावरच भडकले, म्हणे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आपलीच माणसं ही!
तिला फोन केला. विश्वासघात म्हणालो. अंतराला घाबरलीस, असंही खडसावलं. ती शांतपणे म्हणाली, अंतराचं काही नाही. आता ज्याच्याशी ठरलंय तो तुमच्याही पलीकडे राहतो, रस्त्याने पाचशेवर. काल तिसऱ्यांदा येऊन गेला.
फोनवरच रडू फुटलं. मग विचारलं, येतो तरी कसा?
म्हणाली, बसने. तुमच्याच स्टँडवर बदलतो.
कोणती बस?
म्हणाली, सकाळची. रोज असते.