बोट कुणाला लागली

बल्लारशा,
ता. ९ फेब्रुवारी १९५८

चि. दसरूस,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, बाईचे, पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ, भावजय चंदाचा खोकला आणि तुमच्या चाळीतला नळ, तिन्ही आता ठिकाणावर आले असतील अशी आशा करते. इकडे तुझे भाऊजी खुशाल आहेत. इतके खुशाल मी त्यांना तीस वर्षांत पाहिले नव्हते, आणि माझी तक्रार तीच आहे. लग्नाआधी दोन वर्षं मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, तेव्हा पत्र शुद्धच लिहीन. मधेच कुठे मले-तुले आलं तर समज की राग आला आहे, आणि तेवढं जरा हळू वाच.

तुला भाऊजींचं सहा पानी पत्र पोचलं असेल. (आठ पानी होतं. दोन पानं मी गाळायला लावली. त्यात माझ्या ओकाऱ्यांचं वर्णन होतं.) तू स्वतः रजा काढून आम्हाला भाऊच्या धक्क्यावर पोचवलंस, सतरंजीसाठी वरच्या डेकवर हमालाशी भांडून जागा धरलीस. तेव्हा पुढे काय झालं ते खरं कळण्याचा तुला हक्क आहे. त्या पत्रातलं बोटीचं नाव आणि त्यांची सही, एवढं खरं धर. बाकीचं मी सांगते.

समुद्राचं वेड यांना कुठून लागलं हे देवाला ठाऊक. आयुष्य गेलं जंगल खात्याच्या लाकडाच्या डेपोत, सागाच्या ओंडक्यांवर नंबर टाकण्यात. आलापल्ली, अहेरी, सिरोंचा, शेवटी बल्लारशा. पण विलायतेतल्या जहाज कंपन्यांना हा माणूस इंग्रजीत पत्रं लिहायचा की मी मोठा लाकडाचा व्यापारी, बायको, चार मुलं आणि दोन नोकर घेऊन जगाची सफर करणार आहे, तरी माहितीपुस्तक धाडावं. (मुलं आम्हाला झाली नाहीत हे तू जाणतोस. त्या चौघांची नावं त्यांनी काय कळवली होती ते मी कधी विचारलं नाही.) कंपन्या बिचाऱ्या रंगीत पुस्तकं पाठवायच्या. त्यात पांढऱ्या पाटलोणीतले साहेब, खुर्च्या टाकून पडलेल्या मडमा, नेपल्सचा डोंगर, कुठलं कुठलं निळं पाणी. सिरोंच्याच्या क्वार्टरात एका भिंतीवर सुवेझचा कालवा होता आणि त्याच भिंतीतून पावसाळ्यात पाणी गळायचं. जेवायला बसले की जहाजावरच्या जेवणाची यादी मोठ्यानं वाचायचे. मी लाखोळीची डाळ वाढली की म्हणायचे, हे सूप. अंबाडीची भाजी वाढली की, हा दुसरा कोर्स. लोक हसायचे, मीही हसायची. पण तीस वर्षांत मी एकदा म्हटलं, मार्कंड्याच्या जत्रेला नेता का, तर म्हणाले, तिथे दगडांशिवाय काय आहे. नेपल्सला काय आहे रे? तोही दगडच ना!

असो. पेन्शन झाली, तू मुंबई-रत्नागिरी बोटीचं सुचवलंस, आणि यांनी शेजारच्या खुर्शीद टेलरकडून पुस्तकातल्या कप्तानासारखा पांढरा कोट-पाटलोण शिवून घेतला, पितळी गुंड्यांसकट. खुर्शीदभाईनं विचारलं, "बाबू, जहाज चलाने जा रहे क्या?" तेव्हा यांना ते कौतुक वाटलं. धक्क्यावरून तू परत गेल्यावर लगेच एका गृहस्थानं यांना संडास कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्यानं तिकीट पुढे केलं. तिसऱ्या बाईनं पोराला यांच्याकडे दाखवून दम भरला की रडशील तर हे तुला पाण्यात टाकतील. हे तिघांवरही खूश होते. पहाटे अंधारात भोंगा झाला, बोट हलली, आणि कठड्याला धरून, मान वर करून, हा माणूस उभा राहिला. तेव्हा, खोटं कशाला बोलू दसरू, मला बरं वाटलं. वाटलं, चला, एका माणसाचं तरी मनातलं झालं.

मुंबईची शेवटची बत्ती मागे पडेपर्यंत ते उभे होते. मग खाली बसले. मग आडवे झाले. मग जे सुरू झालं ते पितळी गुंड्यांवरूनच गेलं. समुद्र कसा होता म्हणशील, तर बाजूचे लोक पत्ते खेळत होते आणि त्यांचा एक पत्ता हलत नव्हता. खलाशी बोलला की ताटात पाणी ठेवा, सांडायचं नाही. पण यांना बोट लागली ती लागली. लिंबू हुंगवलं, आवळासुपारी दिली, ओलं फडकं डोक्यावर ठेवलं. जवळच मालवणला निघालेली एक म्हातारी बसली होती, आवळासुपारी तिचीच. तिनं बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाली, "घोवाक निजांदे गो. तू हंय ये, बघ." नवऱ्याला झोपू दे, तू इकडे ये.

आणि मी गेले. पन्नाशीची बाई, कठड्याला पोट टेकवून पोरीसारखी उभी राहिले. मोठे काळे मासे बोटीबरोबर उड्या मारत चालले होते, जसे काही शर्यत लावून. हर्णैला बोट समुद्रातच थांबली आणि लहान होड्या खालून बिलगल्या. एक नवी नवरी ट्रंकेसकट खाली उतरू लागली, ती घाबरून मधेच लोंबकळली, तर खालच्या होडीवाल्यानं आधी ट्रंक धरली. तिचा नवरा होडीवाल्यावर ओरडला, आणि नवरी वरून नवऱ्यावर ओरडली की ट्रंकेतच माझं सगळं आहे, बरोबर केलं त्यानं! आम्ही वरच्या बायका इतक्या हसलो की मला पदर तोंडात धरावा लागला. कितीतरी वर्षांत मी अशी हसले नव्हते. दर अर्ध्या तासानं मी यांच्याजवळ जाऊन बसायची, तोंड पुसायची, आणि काय पाहिलं ते सांगायची. वाटायचं, डोळे उघडवत नाहीत तर निदान कानांनी तरी पाहू दे. हे डोळे मिटून हं हं करायचे. सगळं लक्षात ठेवत होते, ते आता कळलं.

दाभोळ मागे पडल्यावर यांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं पुन्हा ओकारी. तर म्हणाले, "नीले, आष्टीच्या घाटावर डोंगा होता."

दसरू, हे तुला मी बारा वर्षं सांगितलं नाही. शेहेचाळीसच्या श्रावणात आई गेली, तेव्हा ती आजारी असल्याचा निरोप मिळूनही आम्ही सिरोंच्याहून तीन दिवस उशिरा माहेरी गोंडपिपरीला पोचलो. तू अंगणात उभा होतास, आणि मी सांगितलं की वैनगंगेला पूर होता, आष्टीला डोंगा सुटत नव्हता. डोंगा सुटत होता. पोचू डोंगेवाला दिवसातून दोन खेपा करत होता. माणसं जात होती, शेळ्या जात होत्या. यांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशी पोचूनं मला बाजूला बोलावलं, म्हणाला, "बाई, तुमी चला न. बाबूले इथीच राहू द्या. माय काय वाट पाह्यते काय?" आणि मी नाही गेले. नवऱ्याला काठावर सोडून बाई एकटी पैलतीरी जाते का? लोक काय म्हणतील! पाणी उतरलं तेव्हा गेलो. पैलतीरावर गोंडपिपरीचाच एक माणूस भेटला, त्यानं माझ्याकडे पाहून डोक्यावरचं मुंडासं काढलं. तिथेच कळलं.

बारा वर्षांत यांनी ती गोष्ट काढली नव्हती, मीही नाही. बोटीवर निजल्या निजल्या म्हणाले, "मी भ्यालो होतो. लाज वाटली सांगायले. तुही माय माझ्यामुळं भेटली नाई तुले." आणि रडले. पितळी गुंड्यांचा कोट घालून, ओकारीच्या वासात, लहान लेकरासारखे रडले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या छातीवरचा एक ओंडका उतरला, दसरू. मनात म्हटलं, समुद्र पाहिला नाही यांनी, पण मला दिलं ते काही थोडं नाही. मी माफ केलं. खरंच केलं.

रत्नागिरीला उतरल्यावर यांनी परत बोटीत पाय ठेवायला साफ नकार दिला. म्हणून आम्ही तुझ्याकडे न येता कोल्हापूर, पुणे, मनमाड, वर्धा अशा गाड्या बदलत घरी आलो. (आंबा घाटात यांना एस.टी. लागली, ती निराळीच.) तुला लिहिलेलं "घरी तातडीचं काम निघालं" ते हे. आणि परतीच्या वादळाबद्दल जी दीड पानं तू वाचलीस, त्या वादळाच्या वेळी आम्ही मिरजेच्या फलाटावर केळी खात होतो.

इथवर मी काही बोलले नसते. कोट धुतला, गुंड्या चिंचेनं घासल्या, बसले असते गप्प. पण गेल्या रविवारी वाचनालयाच्या ओसरीवर यांचं भाषण झालं, "माझा सागरप्रवास". फळ्यावर खडूनं नाव, हार, डेपोचे झाडून सगळे बाबू, दोन ठेकेदार, बायकांसाठी एका बाजूला सतरंजी. मी पुढेच बसले होते. आणि तोच कोट घालून हे बोलू लागले. काय बोलले म्हणू! माझे मासे यांनी पाहिले. माझी नवरी यांच्यासमोर लोंबकळली, आणि ट्रंक धरा असं होडीवाल्याला यांनीच वरून ओरडून सांगितलं. मालवणच्या म्हातारीनं आवळासुपारी दिली, पण ती यांच्याजवळ, माझ्यासाठी. म्हणाले, "आमच्या मंडळींना बोट लागली. बिचारीनं प्रवासभर डोळा उघडला नाही. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि जे दिसेल ते तिला सांगत राहिलो." सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. रुखमाबाईंनी (त्या मोठ्या ठेकेदाराच्या सासूबाई) माझ्या पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, "जाऊ द्या न बाई, तुमच्या नशिबी पाहणंच नव्हतं. पण बाबू मात्र देवमाणूस!"

तेही मी गिळलं असतं. ओकाऱ्या तर ओकाऱ्या, घेतल्या असत्या माझ्या नावावर. पण शेवटी एका ठेकेदारानं विचारलं, "बाबू, एवढ्या पाण्याचं भेव नाई वाटलं?" आणि हा माणूस हसला. म्हणाला, "भेव? अहो, माझं अर्धं आयुष्य प्राणहिता-वैनगंगेच्या पुरात डोंग्यावर गेलं! आष्टीच्या घाटाला विचारा!"

टाळ्या झाल्या. मी उठले आणि चपला न घालता घरी आले.

मी रागावून भांडले असते तर बरं, पण तेही झालं नाही. घरी येऊन यांनी हार खुंटीला अडकवला आणि विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, आष्टीचं बरं जमलं. म्हणाले, "लोकाइले असंच आवडते." माझ्याकडे पाहिलंही नाही, चोरट्यासारखी नजर चुकवून नव्हे, अगदी सहजच पाहिलं नाही. तेव्हा मले समजलं का हा माणूस लबाड नाई. याले खरंच आठवत नाई. बोटीवर जे मले सांगतलं ते ओकारीसंगं बाहेर पडलं अन् ओकारीसारखंच धुऊन काढलं. मग मी कोणाले माफ केलं? अन् काऊन केलं? बारा वर्षं मी तुह्याशी, सख्ख्या भावाशी, त्याइच्यापायी खोटं बोलली. ते तरी कशाले? (हळू वाचलंस ना?)

आता पुरे. तू वाईट वाटून घेऊ नको, बोटीचं सुचवलंस त्यात तुझा दोष नाही. मी सुद्धा म्हणते की म्हाताऱ्या माणसांनी आपलं घर धरून बसावं, प्रवासाच्या फंदात पडू नये. जगात पाहण्यासारखं असं काही नाही. मी तर हात जोडले. चंदाला आशीर्वाद सांग आणि आईची गोष्ट तिला माझ्या नावानं सांगितलीस तरी चालेल.

तुझी बाई,
नीला

ता. क. चंदाच्या खोकल्यासाठी बेहड्याची साल पाठवते आहे. चघळायची, गिळायची नाही.

ता. क. २. बोट पावसाळ्याआधी शेवटची कधी सुटते ते चौकशी करून कळव. रत्नागिरीचं नको, बोट जिथवर जाते तिथवरचं तिकीट काढ. एकच. त्यावर नाव घालत असतील तर नीलाबाई एवढंच घाल. वर्ध्यापर्यंत सोबत आहे, पुढे मी येईन. आणि उत्तर खुर्शीद टेलरच्या घरी, त्याच्या बायकोच्या, शमसुन्निसाबाईंच्या नावानं टाक, माझी पत्रं तुझे भाऊजी आधी फोडतात. हे पत्रही त्याच पोस्टात टाकणार आहेत.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे आत आले. शनिवारी गोंडपिपरीच्या शाळेनं भाषणाला बोलावलं आहे. विचारत होते, "नीले, सकाळी मुंबई मागे पडल्यावर पाण्याचा रंग कसा होता?" मी म्हटलं, ध्यानात नाही. पुस्तकात पाहून निळा सांगणार आहेत. निळा नव्हता रे. कसा होता, ते तुलाही लिहीत नाही.