एलायस मात्लाला यांचे कार्ड परत देण्याबाबत

प्रति,
मा. पर्यावरण आरोग्य अधिकारी,
पाणी व सांडपाणी विभाग,
तारेंतालकोप नगरपालिका.

अर्जदार : आंद्रीस योहानेस क्लेनहान्स, वय ७१, निवृत्त रेल्वे फिटर, रा. १७, वाबूम मार्ग, तारेंतालकोप.

विषय : घरगुती पोहण्याच्या तलावांची देखभाल करणारे श्री. एलायस मात्लाला यांचे रद्द केलेले नोंदणी कार्ड परत देण्याबाबत, व सदर चूक अर्जदाराच्या नावावर लिहून घेण्याबाबत.

संदर्भ : वाबूम ओढ्यातील मृत मासे, आपले पत्र दि. ११ नोव्हेंबर २०१९.

महोदय,

१. गुरुवार दि. १४ नोव्हेंबर रोजी सकाळी अर्जदार फाटकाबाहेरचे केराचे डबे आत ओढत होता. तेव्हा शेजारीण श्रीमती रीना बोशॉफ यांनी भिंतीवरून हाक मारली. त्या म्हणाल्या, “ऐकलंस का आंद्रीस? तुझ्या त्या एलायसचं कार्ड नगरपालिकेनं काढून घेतलं. या रस्त्यावरच्या आठही घरांची कामं गेली त्याची. बरं झालं! पाण्यावर एवढा जीव टाकणारा माणूस तू, आणि तुझ्याच तलावात असलं काहीतरी ओतून गेला मेला.” अर्जदार “हं” म्हणाला आणि डबे घेऊन आत गेला. तो “हं” सुद्धा खोटा होता.

२. श्री. मात्लाला यांनी अर्जदाराच्या तलावात काहीही ओतलेले नाही. जे ओतले ते अर्जदाराने ओतले. रस्त्याच्या गटारात पाणी सोडले तेही अर्जदाराने. आपल्याला पुढचे सगळे वाचायला वेळ नसेल तर एवढे वाचले तरी चालेल. (अर्जात स्वतःला ‘अर्जदार’ म्हणावे असे आपल्या कार्यालयात सांगितले गेले, म्हणून तसे लिहीत आहे.)

३. अर्जदाराची पत्नी एल्साबे दि. २ ऑगस्ट रोजी वारली. घरामागचा तलाव पन्नास हजार लिटरचा आहे. अडतीस वर्षे त्याचे पाणी तिने सांभाळले. दर शनिवारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेडासमोर काचेची नळी धरायची आणि तलावाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायची. पाणी हिरव्याचे गुलाबी होईपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे क्षारतेचे दहा भाग. आठ ते बारा थेंब लागले तर क्षारता बरोबर, कमी लागले तर सोडा टाकायचा. ती म्हणायची, “क्षारता म्हणजे पाण्याचा कणा रे. कणा नसला की जरा आम्ल पडलं तरी पाणी कोलमडतं. मग आज डोळे झोंबतात, उद्या भिंती खरवडतात.” श्री. मात्लाला दर गुरुवारी येत. तळ घासत, वाळूची गाळणी उलट्या पाण्याने धूत, आणि ते पाणी गवतावर सोडत. औषधांना मात्र ते हात लावत नसत. ते काम एल्साबेचे होते.

अर्जदार यातले काहीच करत नसे. परंतु रविवारी अंगणात मांस भाजायला माणसे जमली आणि कोणी म्हणाले, “काय पाणी ठेवलंयस आंद्रीस, ग्लास भरून प्यावं असं!” की अर्जदार हातातला चिमटा हलवून म्हणायचा, “त्याला हात लागतो बाबा.” एल्साबे तिथेच बटाट्याची कोशिंबीर वाढत असायची. तिने एकदाही दुरुस्ती केली नाही.

४. दफनानंतरच्या आठवड्यात श्री. मात्लाला नेहमीप्रमाणे आले तेव्हा अर्जदाराने त्यांना सांगितले, “आता येऊ नकोस. माझा मीच बघीन.” ते म्हणाले, “बरं, ऊम आंद्रीस. पण ताँनीची पाण्याची वही नीट वाचा. आणि अडलं तर हाक मारा, लाजू नका.” (ते अर्जदाराला ऊम, म्हणजे काका, आणि एल्साबेला ताँनी, म्हणजे काकू, म्हणत.) त्यानंतर त्यांनी अर्जदाराच्या आवारात पाऊल टाकलेले नाही. म्हणजे घटनेच्या दिवशी ते येथे नव्हते, आणि त्याआधी अकरा आठवडेही नव्हते.

५. शनिवार दि. २६ ऑक्टोबर रोजी, गारा पडून गेल्यानंतर, अर्जदाराने नळी काढली आणि थेंब मोजले. सहा थेंबांतच पाणी गुलाबी झाले. वहीत एल्साबेच्या हातचे लिहिलेले होते : ‘सहा थेंब. सोडा दोन डबे.’ कोणता सोडा ते लिहिलेले नव्हते, कारण वही तिने स्वतःसाठी लिहिली होती.

गॅरेजच्या फळीवर ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत सगळे भरून ठेवायची. झाकणांवर एकेक अक्षर होते : के, डब्ल्यू आणि एस. आमच्या भाषेत स्वयंपाकघर के ने सुरू होते आणि पोहण्याचा तलाव एस ने. म्हणून अर्जदाराने एस चे डबे उचलले. परंतु एल्साबेने जागेचे नाव लिहिलेच नव्हते. के म्हणजे केकचा सोडा, म्हणजे खायचा, आणि क्षारतेला तोच लागतो. डब्ल्यू म्हणजे धुण्याचा. एस म्हणजे साबणाचा, कारण आमच्या भाषेत साबणही एस नेच सुरू होतो. ती चरबीचा साबण घरी करत असे, त्यासाठीचा तो जळजळीत कॉस्टिक सोडा होता. अर्जदाराने अडतीस वर्षे त्याच साबणाने अंघोळ केली आहे आणि तो कशाचा होतो हे कधी विचारले नाही.

एस चे दीड डबे निघाले. तेवढे सगळे टाकले. तासाभरात तलाव ताकासारखा पांढरा झाला.

६. वहीच्या शेवटच्या पानावर होते : ‘क्षारता फार वाढली तर तिसरा हिस्सा पाणी काढून नवे भरणे. हळूहळू, गवतावर. रस्त्यावर नाही.’ अर्जदाराने हे पूर्ण वाचले होते. रस्त्यावर नाही, हेही वाचले होते. परंतु ते पाणी गवतावर सोडले असते तर गवत जळले असते आणि श्रीमती बोशॉफ यांना भिंतीवरून दिसले असते. म्हणून अर्जदाराने पाइप फाटकाखालून बाहेर काढला आणि पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडला. सोमवारी सकाळी ओढ्यात मासे आणि बेडूक पोटे वर करून तरंगत होते. चर्चमागे त्याच ओढ्यात पोहणाऱ्या बदकांचे काय झाले ते अर्जदाराने कोणाला विचारले नाही.

७. मंगळवार दि. २९ रोजी आपल्या निरीक्षक श्रीमती मोआबी गटारातली पांढरी रेघ धरून चालत अर्जदाराच्या फाटकाशी आल्या. त्यांनी विचारले, “तलावाचं काम इथं कोण बघतं?”

या प्रश्नाला ‘अर्जदाराने’ उत्तर दिले असे मला लिहिता येत नाही. मी दिले. मी म्हणालो, “एलायस मात्लाला. त्यानंच काहीतरी ओतलंय. मला त्यातलं काही कळत नाही.”

शेवटचे वाक्य तेवढे खरे होते. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मी ते कबूल केले, आणि तेही दुसऱ्याच्या पोटावर पाय देताना. बाईंनी लिहून घेतले. मी सही केली. पहिल्या वेळी ती रेघेबाहेर गेली. बाई म्हणाल्या, “बसून करा ऊम, घाई नाही.” त्यांना वाटले वयामुळे.

मी असे का बोललो, हे आपण विचाराल. बायको गेली तर या माणसाला तीन महिन्यांत डब्यावरचे अक्षरही वाचता येईना, हे कोणाला कळू नये, एवढेच माझ्या मनात होते. दुसरे कारण नाही. श्री. मात्लाला यांच्याशी माझे कसलेही वैर नव्हते आणि नाही.

८. शनिवार दि. १६ नोव्हेंबर रोजी श्री. मात्लाला आपल्या कार्यालयाचे कार्ड रद्द केल्याचे पत्र घेऊन माझ्याकडे आले. ते भांडतील असे मला वाटले होते. त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवले आणि विचारले, “पाणी अजून पांढरंच आहे का?” मग ते घराला वळसा घालून मागे गेले. काठावर बसून त्यांनी दोन बोटे पाण्यात बुडवली आणि एकमेकांवर घासली. म्हणाले, “बुळबुळीत लागतंय. ऊम, हा साबणाचा सोडा आहे. एस चा डबा घेतलात का?”

मी म्हणालो, “तू जा इथून.”

ते उठले. पँटला बोटे पुसली. म्हणाले, “जातो. पण यात कोणाला उतरू देऊ नका, कातडी सोलून निघेल. आम्ल टाकायचं तर थोडं थोडं टाका, एका दमात नको, पंप चालू ठेवून. आणि चष्मा घाला हो, ताँनी घालायची तसा.” फाटकाशी पोचल्यावर वळून म्हणाले, “अकरा वर्षं मी त्या फळीवरची धूळ पुसली, ऊम. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

एवढेच बोलले. मला शिवी दिली असती तर मी हा अर्ज कदाचित आणखी लांबवला असता.

९. त्यानंतर मी आपल्या कार्यालयात तीनदा आलो.

दि. १८ रोजी खिडकी क्रमांक तीनवरच्या कर्मचाऱ्याने सांगितले की तक्रार मागे घेण्याचा फॉर्म नाही, आणि मी तक्रारदारही नाही, मी साक्षीदार आहे. साक्ष बदलता येते, पण प्रकरण चालू असेल तरच. प्रकरण मासे पुरल्यावर बंद झाले. मी म्हणालो, मग ते उघडा. तो म्हणाला, “त्यासाठी नवे मासे मरावे लागतील, ऊम.” मागच्या रांगेतली माणसे हसली. तो चेष्टा करत नव्हता, नियम सांगत होता.

दि. २० रोजी मी म्हणालो की शिक्षा मला द्या. त्याने संगणकात पाहिले आणि सांगितले की प्रत्येक घटनेपुढे एक रद्द झालेला कार्ड क्रमांक असावा लागतो. तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. “तुमचं कार्डच नाही, तर रद्द काय करू? तुमची टोपी?” मी टोपी काढून खिडकीवर ठेवली. आज ते लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला खरेच वाटले की चालत असेल तर घ्यावी.

दि. २१ रोजी त्याने सांगितले की एकच मार्ग उरला आहे. ज्याचे कार्ड रद्द झाले त्याने स्वतः अपील करायचे, दि. २९ नोव्हेंबरच्या आत, आणि अपिलावर त्याची स्वतःची सही हवी. मुदत गेली तर नाव पाच वर्षे नोंदणीबाहेर राहते. श्री. मात्लाला यांचे वय अठ्ठावन्न आहे. पाच वर्षांनी कोण त्यांना तलाव घासायला बोलावणार?

१०. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) श्री. एलायस मात्लाला यांचे कार्ड त्यांना परत देण्यात यावे, आणि ते निर्दोष होते असे पत्र वाबूम मार्गावरच्या आठही घरांना आपल्या शिक्क्यानिशी पाठवावे. श्रीमती बोशॉफ यांच्याकडे मी स्वतः घेऊन जाईन.

(आ) रकाना रिकामा ठेवता येत नसल्यास मला प्रथम तलाव-देखभालीचे कार्ड देण्यात यावे आणि त्याच दिवशी ते रद्द करण्यात यावे. कार्डासाठी लागणारी परीक्षा द्यायला मी तयार आहे. नापास झालो तर तेही पुरावा म्हणून धरावे.

(इ) तेही नियमात बसत नसेल तर माझ्या फाटकावर फलक लावावा : ‘येथील मालकास पाण्यातले काही कळत नाही.’ फलक मी स्वतः रंगवून देईन. अक्षरे रस्त्यावरून वाचता येतील एवढी ठेवीन.

(ई) तलाव बुजवण्याची आज्ञा झाल्यास मी बुजवीन. एवढेच की त्याआधी एकदा पाणी स्वच्छ करू द्यावे. एल्साबेने अडतीस वर्षे ठेवले तसे. पांढऱ्या पाण्यावर माती टाकणे मला जमणार नाही.

११. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आहे, पूर्ण शुद्धीवर. माझ्या मुलीने लिहू नका असे सांगितले होते. ती म्हणाली, “पप्पा, आईला गेल्यावर कशाला लाजवता?” आईला मी आयुष्यभर लाजवत आलो, रविवारी चिमटा हातात घेऊन. आता तरी तिच्या कामाला तिचे नाव लागावे.

निर्णय कळवावा. मी घरीच असतो.

आपल्या कार्यालयाला खोटे सांगितल्याबद्दल क्षमा मागणारा,

(सही)
आंद्रीस यो. क्लेनहान्स
तारेंतालकोप, दि. २५ नोव्हेंबर २०१९

सोबत जोडले आहे :

१. वहीतील दोन पानांची छायाप्रत. अक्षर कै. एल्साबे क्लेनहान्स यांचे.

२. एस अक्षराचे झाकण, मूळ. पाण्याने तीनदा धुतले आहे, तरी कर्मचाऱ्यांनी हातमोजे घालून धरावे.

३. दि. २९ ऑक्टोबरच्या माझ्या साक्षीची प्रत, ‘खोटे’ असे वर लिहून, सहीसह.

४. श्री. एलायस मात्लाला यांचे सही केलेले अपील. हे जोडलेले नाही. त्यांच्याकडे जाऊन सही मागणे माझ्याकडून अजून झालेले नाही.