सहा तास बारा मिनिटं

केज
३ ऑगस्ट २०२५, रविवार

सलिमाभाभी,
सलाम.

तुमची तब्येत बरी असेल. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम आहे का? आमच्याकडे रोहिणी आणि मुलं ठीक आहेत. आठ दिवस पाऊस नाही. सोयाबीन माना टाकून उभं आहे. शाईस्ता शाळेत रोज येते. घटक चाचणीत तिला गणितात वीसपैकी एकोणीस आहेत. एक गुण अक्षरासाठी कापला, असं गणिताचे सर म्हणाले. अक्षर बापावर, यासीनवर गेलं आहे.

यासीन गेल्यानंतरची तुमची इद्दत संपायला दीड महिना आहे. तोवर समोर बसून बोलता येणार नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. हेही पूर्ण खरं नाही. चाळिसाव्यानंतर मी तीनदा घरी आलो. तुमचे दीर नबीभाई ओट्यावर बसलेले असायचे. तुम्ही पडद्यामागून चहा पाठवलात. तिन्ही वेळा मी चहा पिऊन उठलो. पडद्याला सांगता आलं असतं.

तुम्ही उर्दू शाळेत शिकलात. मराठी वाचायला तुम्हाला शाईस्ता लागते, हे मला माहीत आहे. म्हणून आधी तिच्या तोंडून ऐकता येईल एवढंच लिहितो.

सहलीचं तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. यासीन, बजरंग आणि मी पाचवीपासून एका वर्गात. तिघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. मी भूगोल शिकवतो, तरी नाही. यासीनची जीप बारा वर्षं केज ते अंबाजोगाई पंधरा-पंधरा माणसं घेऊन धावली. त्या दिवशी तिच्यात आम्ही तिघंच. बीड मागे पडलं तरी तो म्हणत होता, "गाडी लई हलकी लागतीय. कुनीतरी ऱ्हायलंय मागं."

बजरंगने आपल्या दुकानातून मांडवाचं कापड आणलं होतं, लाल-पिवळं, झालर लावलेलं. त्याचाच तंबू केला. पहिल्या मुक्कामाला गावातली एक म्हातारी विचारायला आली, लग्न कुणाचं आहे? यासीन म्हणाला, "ह्या मास्तरचं. दुसरं हाय, बोंबलू नका." म्हातारी दुसऱ्या दिवशी आम्हाला भात देऊन गेली. त्या दोन रात्री आम्ही शाळेतल्यासारखे हसलो.

घाटातल्या एका वळणावर समुद्र पहिल्यांदा दिसला. यासीनने गाडी बंद केली. मग म्हणाला, "एवढं पानी. आन् पिकाला थेंब न्हाई." खाली उतरल्यावर त्याने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत समुद्र भरून घेतला. पोरीला दाखवायचा होता. ती बाटली तुमच्यापर्यंत आली का, मला माहीत नाही.

शाईस्ता, इथपर्यंत छान वाचलंस. आता कागद घडी कर आणि नबीचाचांना दे. पुढचं ते अम्मींना वाचून दाखवतील.

भाभी, १२ मे रोजी सकाळी नऊला आम्ही तिसऱ्या गावी पोहोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. सुरूच्या झाडांखाली तंबू ठोकला. समोर वाळू, लांबच लांब, ओली आणि टणक. पाणी दूर होतं. उन्हाळ्यात मांजरेच्या पात्रात आपण गाड्या घालतो, तसंच दिसत होतं. जीपचा फोटो समुद्रासमोर काढायचा होता, चूल मांडायलाही तिथंच बरं वाटलं. यासीनने गाडी वाळूच्या कडेला थांबवली. खाली उतरून त्याने टाच आपटून पाहिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, पानी हितवर येतंय का वो?"

बजरंग म्हणाला, "ह्याला नको इचारू बे. ह्यानं समुद्र नकाशात बघितलाय." आणि म्हणाला, "आपल्याकडं गेलेलं पानी कवा परत आलंय?"

यासीन हसला, पण गाडीत बसला नाही. माझ्या उत्तरासाठी थांबला. मी घड्याळ पाहिलं. म्हणालो, "ओहोटीपासून भरतीला सहा तास बारा मिनिटं लागतात. आत्ता नऊ. म्हणजे सव्वातीन. जेवून निवांत काढू."

तो म्हणाला, "झालं तर मग." आणि गाडी खाली घातली.

मी नऊपासून मोजलं. आम्ही पोहोचलो त्या वेळेपासून. ओहोटी सकाळी सहालाच संपली होती. आम्ही तिथं पोहोचलो तेव्हा समुद्र परत निघालेला होता. त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला भरती मोठी असते, हे मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे.

साडेदहाच्या सुमारास शिंपल्या वेचणारी एक बाई माझ्याजवळ आली. म्हणाली, गाडी वर घ्या, पाणी भरतंय. यासीन भाकरी थापत होता. मी तिला म्हणालो, वेळ आहे अजून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि टोपली उचलून गेली. यासीनला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं गणित चुकलं असं झालं असतं.

अकराला चाकं पाण्यात होती. तो पळत गेला. गाडी सुरू झाली, पण मागची चाकं रुतली. बजरंगने तंबू उपटून कापड चाकांखाली घातलं. आम्ही दोघं मागून रेटत होतो. पाणी कमरेला आलं तेव्हा गाडी आधी मी सोडली. "उतर," मी ओरडलो. तो आतून म्हणाला, "तुमी व्हा वर. निघतीय आता." पुढच्या लाटेने जीप त्याच्या दाराच्या बाजूने आडवी झाली. आमच्यापैकी कुणालाच पोहता येत नव्हतं. एवढं पाणी आपल्याकडे आहे कुठं?

पोलिसांनी विचारलं, गाडी खाली कुणी घातली? मी म्हणालो, यासीनने. ते खरं आहे. पुढे मी म्हणालो, आम्ही नको म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही. हवालदाराने ते वाक्य लिहून घेतलं. बजरंगने माझ्या सहीखाली सही केली.

जनाज्याहून परतताना लोकांच्या तोंडी तेच वाक्य होतं. मास्तर नको म्हणत होता, पण ऐकलं नाही गड्यानं. नबीभाईंनी माझा हात हातात घेतला आणि तेच म्हणाले. मी हात काढला नाही.

जुलैमध्ये सातवीला भरती-ओहोटीचा धडा आला. मी पानं उलटून पुढचा सुरू केला. तास संपता संपता दुसऱ्या बाकावरून शाईस्ताने हात वर केला. "सर, एक धडा ऱ्हायला." मी म्हणालो, तो परीक्षेला नाही. ती म्हणाली, "पण पुस्तकात हाय." मी म्हणालो, बघू. ती खाली बसली. शेजारच्या मुलीला हळूच म्हणाली, ते मला ऐकू आलं: "अब्बूंनी सरांचं ऐकलं न्हाई ना, म्हनून सर घेत न्हाईत."

मी त्या पोलिस ठाण्यात फोन केला. जबाब बदलायचा आहे म्हणालो. तिकडून उत्तर आलं, कागद बंद झाले, बदलून मयत उठणार आहे का? बजरंगला सांगितलं. तो म्हणाला, "आता कावून सांगतूस? तुझं मन हलकं हुईल, तिचं जड." त्याचं बरोबर आहे. माझं हलकंही झालेलं नाही. नबीभाईंच्या गॅरेजमागे जीप उभी आहे, मिठाने तिची दारं खाल्ली आहेत. मी शाळेला त्याच रस्त्याने जातो.

शाईस्ता, तू पत्र चाचांना दिलं नसशील. धड्यातलं शेवटचं वाक्य वाचल्याशिवाय तू पुस्तक मिटत नाहीस. हे मला माहीत होतं. पत्र थेट नबीचाचांच्या हातात देता आलं असतं. मी दिलं नाही. हाही माझाच गुन्हा धर.

तुझ्या अब्बूंनी विचारलं होतं. टाच आपटून पाहिली, तरी भागलं नाही म्हणून विचारलं. उत्तरासाठी थांबले. मग त्यांनी ऐकलं. माझं ऐकलं.

हे अम्मींना मोठ्याने वाचून दाखव. लोकांना काय सांगायचं ते त्या ठरवतील. मी नाकारणार नाही.

उद्या दुसऱ्या तासाला मी तो धडा घेणार आहे. त्यात एक उदाहरण आहे: ओहोटी अमुक वाजता, तर भरती किती वाजता? तू आलीस तर ते तुलाच सोडवायला सांगणार नाही. आली नाहीस तर हजेरीत तुझं नाव घेऊन थोडा थांबेन आणि पुढचं नाव घेईन.

भाभी, माफी मागत नाही. उत्तर पाठवू नका. चहासुद्धा नको.

यासीनने ज्याला विचारलं होतं तो,
सोमेश्वर