पालथ्या फरशीची तिसरी ओळ

प्रति,
मा. अभियंता,
रस्ते व गटारे विभाग,
नगरपालिका कार्यालय.

विषय : आपल्या कार्यालयाच्या फाटकासमोरील गटारावर घातलेली फरशी एक तासासाठी उलटण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपली दोन उत्तरे.

महोदय,

१. मी चौतीस वर्षे एका दैनिकात बातमीदार होते. त्या काळात न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून मी एकदाही लिहिली नाही. हे पुढे लागणार आहे, म्हणून आधीच नोंदवते.

२. मुलींच्या जुन्या शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी गेल्या वर्षापर्यंत अडीच फुटी काळी फरशी उभी होती. तिच्यावर पाच ओळींत पाच मुलींची नावे होती. पंच्याऐंशी वर्षांपूर्वी ही शाळा एका खोलीत भरत असे. मुली शिकतात म्हणून लोकांनी खोलीच्या दारात घाण टाकली, शिकवणाऱ्या बाईंचे पाणी तोडले आणि शेवटी खोलीला कुलूप लावले. त्या दिवशी बाईंनी अंगणातल्या फरशीवर प्रत्येक मुलीला खडूने स्वतःचे नाव लिहायला सांगितले. एका मुलीचे वडील पाथरवट होते. त्यांनी त्या खडूच्या रेघांवरूनच छिन्नी चालवली. दोन वर्षांनी शाळा पुन्हा उघडली, तेव्हा तीच फरशी स्मारक म्हणून उभी केली. शाळा नंतर दुसरीकडे गेली, फरशी तिथेच राहिली.

३. पाचवी ओळ माझ्या आईची. तिसरी ओळ तिच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे माझ्या मावशीची. घरातून एकीलाच शाळेत जाता येईल असे ठरले, तेव्हा मावशीने भांडी-धुणे आपल्या अंगावर घेतले आणि धाकटीला पाठवले. आई रोज घरी येऊन चुलीपुढच्या राखेत तिला एकेक अक्षर काढून दाखवी. अशी ती नावापुरती अक्षरे शिकली. कुलूप लागले त्या दिवशी ती धुण्याची बादली वाटेत ठेवून आली आणि नाव लिहून परत गेली. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. सोळाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात ती गेली. तिचा फोटो नाही, जन्माची नोंद नाही. तिने लिहिलेले एवढेच आहे.

४. माझी आई त्र्याण्णव वर्षांची असून तिला दिसत नाही. मी तिला दर महिन्याला रिक्षाने तिथे नेत असे. ती तिसऱ्या ओळीवरून बोट फिरवी आणि म्हणे, “ताईचा हात जड होता गं, बघ किती दाबून लिहिलंय.”

५. गेल्या वर्षी गल्लीचे काम निघाले आणि फरशी दिसेनाशी झाली. पहिल्या अर्जावर आपण कळवले की स्मारकांच्या यादीत लोखंडी कठडा असलेलीच स्मारके आहेत, सबब सदर स्मारक अस्तित्वात नव्हते. दुसरा अर्ज आपण शिक्षण विभागाकडे पाठवला. त्यांनी कळवले की आता सर्व मुली शाळेत जातात, सबब विषय निकाली काढण्यात येत आहे.

६. मग मी कामावरचा गवंडी शोधला. त्याने फरशी आपल्या फाटकासमोर गटारावर घातल्याचे लगेच कबूल केले. त्याला वाचता येत नाही. तो म्हणाला, “अक्षरांवर लोकांचा पाय कसा पडू द्यायचा, बाई? म्हणून पालथी घातली.” त्याच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. या प्रकरणात त्या अक्षरांचा मान राखणारा मला भेटलेला तो एकटाच माणूस आहे.

७. तिसऱ्या अर्जावर आपले कारकून जागेवर आले आणि “फरशीवर कोणतीही अक्षरे आढळली नाहीत” असा शेरा त्यांनी दिला. अक्षरे खालच्या बाजूला आहेत, उलटून बघा, असे मी म्हटले. ते म्हणाले, “उलटायला मंजुरी लागते.” मंजुरी कशी मिळेल, असे मी विचारले. “खाली अक्षरं आहेत हे दिसलं की मिळेल.” मला हसू आले, आणि त्यांनाही. नंतर आम्ही दोघेही फरशीवरूनच आत गेलो, कारण दुसरी वाट नाही. आपणही रोज तिथूनच जाता.

८. आईला आता उठवत नाही. फरशी हलवल्याचे मी तिला सांगितलेले नाही. मागच्या सोमवारी ती म्हणाली, “ताईचं नाव धुळीनं भरलं असेल. जाऊन पुसून ये.” मी बाहेर पडले, आपल्या फाटकासमोर थोडा वेळ उभी राहिले आणि परत येऊन सांगितले, “आहे गं जागेवर. पुसून आले.” तिने माझा हात हातात घेतला, बोटे एकेक करून चाचपली आणि म्हणाली, “धूळ नव्हती वाटतं.” त्यानंतर तिने त्या नावाचा विषय काढलेला नाही.

९. सबब विनंती अशी की, स्मारक परत उभारण्याचा माझा मूळ अर्ज आपल्या सवडीने विचारात घ्यावा. तूर्त फक्त एक तास फरशी उलटू द्यावी. गवंडी यायला तयार आहे. मी तिसरी ओळ पुसेन आणि बोटांना लागलेली धूळ तशीच घरी नेईन. नंतर फरशी होती तशी पालथी घालावी, माझी हरकत नाही. डॉक्टरांनी दिवसांची भाषा सुरू केली आहे, म्हणून हा अर्ज टपालाने न पाठवता हातोहात देत आहे आणि उत्तरासाठी बाहेर बाकावर थांबले आहे.

आपली नम्र,
(सही)
तिसऱ्या ओळीतील मुलीची भाची
दिनांक : १४ मार्च, सकाळी साडेदहा

सोबत :
१. आपल्या दोन उत्तरांच्या प्रती.
२. गवंड्याचा जबाब, अंगठ्यासह.
३. कोरा कागद व शिसपेन्सिल. फरशी उलटल्यावर मला तिथे येऊ देणे नियमात बसत नसल्यास, कागद तिसऱ्या ओळीवर ठेवून कोणीही पेन्सिल घासावी.