डाव्या डोळ्याची बाहुली

३ फेब्रुवारी
आले एकदाची रायपूरला! सदर बाजारात सोनाराच्या दुकानावरची खोली मिळाली. घरमालकीण प्रेमलाकाकू मूळच्या यवतमाळच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, इरावती, वर्ध्याची पोट्टी इतक्या दूर काहून आली? म्हटलं, मेंदूच्या आयसीयूत नर्सची नोकरी लागली. त्यांनी गरम पाटवड्या वाढल्या.

६ फेब्रुवारी
काम आवडून राहिलं. डोक्याला मार लागलेल्या पेशंटला दर तासाला पाहायचं: नाव विचारायचं, हात दाबायला सांगायचं, टॉर्च मारून दोन्ही बाहुल्या बघायच्या. डॉक्टर निरंजन समजावत होते. कवटी काही फुगत नाही. आत सूज आली की मेंदूच चेपला जातो. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस गुंगतो. मग एक बाहुली मोठी होते, नाडी मंदावते. त्याआधी कळवलं तर बहुतेक वेळा माणूस वाचतो.

११ फेब्रुवारी
अभनपूरची दीपमाला, सव्वीस वर्षांची, स्कूटीवरून पडलेली. दुपारी दोन उलट्या झाल्या. तिची बहीण सरिता तीनदा येऊन म्हणाली, दीदी, ये जवाब नहीं दे रही. मी मोबाइलवर बोलत होते. तिला झिडकारलं, झोपू दे म्हटलं. दोन, तीन, चारचे रकाने न पाहताच एकदम भरले: बाहुल्या समान. पाचला पाहिलं तर डावी बाहुली वाटाण्याएवढी. उशीर झाला होता. सातला गेली.
कागदावर माझी काही चूक नाही.

१५ फेब्रुवारी
उठताच डोकं फुटून राहिलं. उलटी. दुपारी दोनला जरा पडले, तर कोणीतरी माझी पापणी वर केली. लख्ख उजेड. बाईचा आवाज: नाव बताओ.
खोलीत कोणी नव्हतं.

१६ फेब्रुवारी
तीनला आली. चारला आली. एक तास चुकत नाही. थंड बोटं माझ्या मुठीत — दबाओ. डोक्याचा स्कॅन करून घेतला. निरंजन सर म्हणाले, काही नाही, सुट्टी घे.
आज ती दिसली. डोक्याला पट्टी. डावा डोळा पार काळा.

१८ फेब्रुवारी
अभनपूरला गेले. सरिताच्या पायावर पडून सगळं सांगितलं — मोबाइल, खोटे रकाने. म्हटलं, पोलिसांत लिहून देते. ती धान पाखडत होती. सूप थांबलं नाही.
"हव, मालूम है. दीपमाला बताई है. तुमने जो ड्यूटी नहीं की, वो कर रही है."
मी म्हटलं, तिला सांगा ना, सोड म्हणून.
"मैं ही तो भेजी हूँ."

१९ — दुपार
उजवा हात जड. डाव्याने लिहिते. नाडी अठ्ठेचाळीस. आरशात पाहिलं — डावी बाहुली —

काकूंना सांगितलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. डोकं उंच ठेवायचं, मान सरळ, म्हणजे मेंदूवरचा दाब वाढत नाही. दोन उशा लावल्या काकूंनी. खाली धावल्या —

ती आली. या वेळी टॉर्च नाही. नाव विचारत नाही. उशाशी बसली —

जिन्यात पावलं. काकू —

एक उशी काढली तिने. दुसरी — माझी मान वळवून राहि