रवी कांतची एकोणीस वर्षं

सौकारपेठ, चेन्नई
९ सप्टेंबर २००६

प्रिय अनिकेत,

जे जन्मालाच आले नाहीत त्यांच्या निवृत्तीवर तू चार-चार पानं लिहितोस, आणि जन्म दिलेल्या आईला दीड वर्षात एक ओळ नाही. हे कुठलं शिक्षण म्हणायचं? मी चौथी शिकले, अक्षर वाकडं येतं, तरी बसलेच ना लिहायला?

तुझ्या खाटेखालचा कागदांचा खोका रद्दीवाल्याला द्यायला काढला होता. झुरळं झाली होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या विद्युलताबाई आल्या. त्या तंजावरकडच्या, मैलापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्यांचं मराठी मला निम्मंच कळतं, जुन्या पोथीतल्यासारखं बोलतात, पण इंग्रजी कागद दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनीच मला सगळं फोडून सांगितलं. खेळ म्हणे बेसबॉलचा, पण मैदान नाही, चेंडू नाही, सगळं कॉम्प्युटरात. देशोदेशीचे तुम्ही सोळा रिकामटेकडे एकेक टीम सांभाळता. कॉम्प्युटरच खेळाडू जन्माला घालतो, तोच खेळवतो, तोच म्हातारा करतो. आणि एखादा थकून निवृत्त झाला की त्याच्या मालकानं त्याची सगळी कारकीर्द लिहून काढायची, असा तुमचा रिवाज. मी म्हटलं, बाई, थट्टा करू नका. अंबत्तूरच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटर बडवून आलेलं पोरगं घरी येऊन हे करायचं होय?

यावरूनच तुझं नि यांचं वाजलं. कॉम्प्युटरची वायर उपटली ते त्यांचं चुकलंच, मी तेव्हाही तोंडावर सांगितलं. पण तू काय बोललास? तुमच्या धुरात मला मरायचं नाही. अरे, त्याच धुरावर तू शिकलास. तू बंगळूरला निघून गेलास आणि हे दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे भट्टीवर. सोनारांच्या दुकानातला झाडलेला कचरा आणायचा, मुशीत वितळवायचा, तेजाबात टाकून सोनं वेगळं काढायचं. विट्याहून एक पत्र्याची पेटी घेऊन आले तेव्हापासून तीस वर्षं हेच. जेवायला बसले की तुझ्याबद्दल विचारत नाहीत, नुसते तुझ्या पाटाकडं बघतात. मला दोघांचा कंटाळा आलाय. तू बोलत नाहीस, ते बोलत नाहीत, मधल्यामध्ये मी भिंतीशी बोलते.

तर विद्युलताबाई एका कागदाशी थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत लावला. खेळाडूचं नाव रवी कांत. कॉम्प्युटरनं दिलेलं नाव बदलून तू हे ठेवलंस, असं तूच लिहिलंयस. बापाचं नाव मधून तोडलं म्हणजे कुणाला कळणार नाही, असं वाटलं का तुला? शहाणाच आहेस.

तीनदा वाचायला लावलं मी. चेंडू फेकणारा माणूस. खेळातली एकोणीस वर्षं एकाच टीममध्ये, तीही हरणारी. मोठ्या टीमनी मागितला तरी गेला नाही. चौदाव्या वर्षी खांदा गेला, तरी पाळी आली की उभा. मार खाल्ला त्या दिवशीही हात शर्टाला पुसून, खाली मान घालून निघायचा. हे हात पुसणं तुला कॉम्प्युटरनं सांगितलं होय रे? आपल्या घरी हे रोज दारात चपला काढताना तेच करतात. आणि शेवटी लिहिलंयस, याला दोन वर्षं आधीच थांबवायला हवं होतं, पण पुरे झालं आता, हे त्याला कसं सांगायचं ते मला कळेना. कागदावर तारीख आहे. वायर उपटली त्याच्या चार दिवस आधीची. म्हणजे तुला सगळं दिसत होतं, आणि आम्हाला वाटलं तू नुसता खेळतोस.

आता कशाला लिहिते ते ऐक. गेल्या महिन्यात यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. तेजाबाच्या वाफेनं फुप्फुसं गेलीत. म्हणाला, पोदुम् अम्मा, पुरे, भट्टी बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी मला विचारायला येऊ नका. विट्याचाच एक माणूस दुकान घ्यायला तयार आहे. पण हे म्हणतात, खंडेनवमीला भट्टी विझवून पुजायची आणि दसऱ्याला पेटवायची, तीस वर्षं चुकलं नाही, यंदाही चुकणार नाही. माझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत. ‘पुरे’ हा शब्द त्यांना तुझ्या तोंडून हवाय, आणि मागायची लाज वाटते. म्हणून खंडेनवमीला तू ये. थंड भट्टीची पूजा झाली की त्यांच्यासमोर बस आणि ते पान वाच. मराठीत. अडखळलास तरी चालेल. दसऱ्याला ती भट्टी पेटता कामा नये. मी त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. लिहिलंस तू, तोंडही तुझंच हवं. कागद पाठवत नाही, माझ्या उशाखाली आहे, तुला इथं येऊनच घ्यावा लागेल. येतोस की नाही ते घटस्थापनेच्या आत कळव. त्यानंतर आलेलं उत्तर मी उघडणार नाही.

तुझीच,
आई